आपण लावलेला क्रमांक

प्रिय वहिनी,

पत्र पाहून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. चिमणीने पाठवलेलं कासवाचं चित्र तिने फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते हत्ती म्हणून दाखवते. मी दुरुस्त करायचा नाद सोडला. तुमच्या नव्या घरात ऊन येतं का, चिमणीला शाळेत मैत्रीण मिळाली का, तू सकाळी पोटात काही घालून कामावर जातेस का, असं बरंच विचारायचं आहे, पण आपलं बोलणं अलीकडे फार तुटक झालंय. मी ‘कशी आहेस’ लिहायचं, तू ‘ठीक’ लिहायचं आणि त्या एका शब्दावर दोघींनी महिना काढायचा. फोन तू उचलत नाहीस. का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे, म्हणून मीही करत नाही. तर हे पत्र. लांबणार आहे. हातातलं काम आवर आणि निवांत बसून वाच.

माझ्या गुरुवारच्या भाषणांबद्दल तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. पुन्हा नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालंय. मोठमोठ्या संगणक यंत्रणा बंद पडू नयेत म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवून बसणारी आमची एक जमात आहे. बँकांतली, दवाखान्यांतली, वीज कंपन्यांतली, टेलिफोनवाली. सगळं सुरळीत चाललं की आम्ही कुणाला आठवत नाही आणि काही बिघडलं की पहिली शिवी आम्हाला. अशा लोकांची एक संघटना आहे आणि एक गुरुवार सोडून एक गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही ऑनलाइन जमतो. कुणीतरी दहा मिनिटं बोलतं, मग थोडी प्रश्नोत्तरं, की आपापल्या कामाला. दादा त्यांना ‘चहाएवढी भाषणं’ म्हणायचा. कप संपेपर्यंत भाषण संपलं पाहिजे. मी सूत्रसंचालन करायला लागले तेव्हा तो तुला काय म्हणाला होता, आठवतं? ‘लहानपणी ही सगळ्यांना हातवारे करून गप्प बसवायची. आता तर हिला बटणच मिळालंय.’

खरंच, ते बटण हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ऐन भाषणात कुणी कचाकचा काकडी खातं, कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणी नवऱ्यावर डाफरतं, त्यांचे आवाज हळूच बंद करायचे. आणि ज्याने बोलायचं तो मनापासून हातवारे करत असतो, पण मुका. त्याला सांगायचं, अहो, तुमचा माइक बंद आहे. आजवर हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की मरताना तोंडात देवाच्या नावाऐवजी तेच येईल. पण खरं काम त्याआधीचं असतं. प्रत्येक वक्त्याला मी आधी एकदा एकट्याला भेटते, पडद्यावरच, आणि त्याचं भाषण ऐकून घेते. ही माणसं यंत्रांशी बोलायला सरावलेली. माणसांपुढे त्यांचा घसा सुकतो. त्यांना धीर द्यायचा, फापटपसारा काढायला लावायचा, जिथे ते घाईघाईने पुढे सरकतात तिथे थांबवून विचारायचं, हे नक्की कसं झालं? आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात आपण मागे राहायचं. वाढप्याने पंगतीत बसायचं नसतं. आपली मतं, आपली दुःखं, आपले अनुभव घरी ठेवून यायचं. हा नियम मीच केला आणि मीच कसोशीने पाळला. परवाच्या गुरुवारपर्यंत.

तीनेक महिन्यांपूर्वी एका गृहस्थांनी बोलायची इच्छा कळवली. विषय होता, ‘न वाजलेली धोक्याची घंटा’. आमच्यात असे विषय पुष्कळ येतात. यंत्रणेत बिघाड झाला, पण इशारा मिळालाच नाही, मग आम्ही काय शिकलो. मी होकार कळवला आणि तालमीची वेळ दिली. गृहस्थ पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. मागे फायलींनी भरलेलं कपाट, त्याला टेकवलेली सायकल. दर वाक्याला चष्मा पुसायची सवय. तातडीच्या मदतीसाठी आपण जो नंबर लावतो, त्या केंद्रात ते कामाला होते. फोन घेणाऱ्यांत नव्हे. येणारे फोन योग्य ठिकाणी पोहोचतात की नाही हे बघणाऱ्यांत.

त्यांनी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. एका संध्याकाळी यंत्रणेत एक बदल करण्यात आला. त्यात एक चूक राहून गेली. शहराच्या जुन्या भागातल्या, जुन्या पद्धतीच्या घरगुती फोनांवरून आलेले कॉल केंद्रापर्यंत पोहोचेनात. ते न पोहोचलेले कॉल ‘अयशस्वी’ म्हणून मोजले गेले असते तर घंटा वाजली असती. पण यंत्रणेने ते ‘चुकीचे क्रमांक’ या रकान्यात टाकले. लोक चुकीचे नंबर लावतातच, त्यामुळे त्या रकान्याला घंटा नव्हती. पडद्यावर सगळे दिवे हिरवे. रात्री ठरल्याप्रमाणे आणखी एक बदल झाला आणि त्यात आधीची चूक आपोआप पुसली गेली. काही आठवड्यांनी जुने आकडे चाळताना ही गोष्ट लक्षात आली.

भाषण चांगलं होतं, पण कोरडं. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने म्हटलं, ‘तुमच्या गोष्टीत माणूसच नाही. बदल करण्यात आला, चूक राहून गेली, सगळं आपलं आपोआप घडतंय. तो रकाना वाढत होता तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही?’

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या आलं होतं. मी ड्यूटीवर होतो. रेघ वर चढताना पाहिली. शेजारच्याला म्हटलं, आज लोकांना झालंय काय, बोटं वाकडी झाली का सगळ्यांची? आणि हसलो. दोघंही हसलो.’

मी म्हटलं, हे भाषणात सांगाल का? ते म्हणाले, सांगायला हवं, त्यासाठीच तर बोलायचंय, पण लिहिताना हात पुढे जात नाही. मग मी माझा दुसरा ठरलेला प्रश्न विचारला. जो माणूस पलीकडे होता, त्याच्या बाजूने हे कसं दिसलं? फोन लावणाऱ्याला काय ऐकू येत होतं? त्यांनी सांगितलं, आमच्याकडे ते ध्वनिमुद्रण आहे, थांबा. आणि त्यांनी ते लावलं.

वहिनी, एक गोड, शांत बाईचा आवाज आला. ‘आपण लावलेला क्रमांक चुकीचा आहे. कृपया क्रमांक तपासून पाहा.’

मला वाटतं तू इथे पत्र खाली ठेवशील. ठेव. मीही त्या दिवशी कॅमेरा बंद केला आणि नेटवर्क गेल्याचं खोटं कारण दिलं.

दवाखान्याच्या त्या लांबड्या जिन्यापाशी मी धावत आले तेव्हा तू बाकावर बसली होतीस. पायात एकच चप्पल. शेजारच्या काकांनी स्वतःच्या गाडीतून दादाला आणलं होतं, ते भिंतीला टेकून उभे होते. मी तुझा हात धरला तर तो बर्फासारखा. आणि तू मला म्हणत होतीस, मला म्हणजे समोर कुणीही असतं तरी म्हणाली असतीस, ‘ती म्हणते नंबर तपासा. मी तपासला गं. परत लावला. परत तेच म्हणते. मी परत तपासला.’ आत डॉक्टर होते, बाहेर तू ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. मला तेव्हा वाटलं, धक्क्याने तुझं भान सुटलंय. मी तुला ‘शांत हो’ म्हणत राहिले.

आणि नंतर घरी जे झालं ते. शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी, वाईट हेतूने नव्हे, सहज, तुमच्या हॉलमधल्या त्याच फोनवरून तोच नंबर लावून पाहिला. पहिल्या झटक्यात लागला. त्यांनी गडबडीने ठेवून दिला, पण तो लागल्याचं खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मग आई सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, ‘साधा नंबर. शाळकरी पोरांनाही पाठ असतो. एवढा लावता आला असता तर माझा मुलगा समोर बसला असता.’ तू उठून पाण्याचे पेले गोळा केलेस आणि आत गेलीस. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही, पण तो विषय घरातून हललाही नाही. आई तुझ्या हातचा चहा घ्यायची, पण मान वर करायची नाही. तू नोकरीसाठी दुसरं गाव निवडलंस तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, जागा बदलली की मन रमेल. तू कशामुळे जातेयस हे मला कळत होतं. तुला त्यांचं बोलणं लागलं म्हणून तू गेली नाहीस. त्यांचं बोलणं तुला खरं वाटलं म्हणून गेलीस. निघताना तू मला एवढंच म्हणालीस, ‘बोटं थरथरत होती गं माझी. दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार.’

त्या गृहस्थांना मी पुन्हा फोन केला. दिवस विचारला. तोच. भाग विचारला. तोच. वेळ विचारायची गरज नव्हती, तरी विचारली. ‘बरं’ म्हटलं आणि ठेवला. मग खाली उतरले आणि रस्त्याने चालत सुटले. भर दुपार होती, दुकानं उघडी, लोक भाजी निवडत होते, एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. माझ्या डोक्यात एकच होतं. हा हसला. आपल्या घरात दादा जमिनीवर पडलाय, तू त्या फोनपाशी उभी आहेस आणि तिकडे एका गार खोलीत हा माणूस पडद्याकडे बघून हसला. मला त्याचा गळा धरावासा वाटला. तुला माहीत आहे, मी कुणाशी मोठ्याने भांडत नाही. त्या दिवशी सिग्नलपाशी उभी राहून मी मोठ्याने बोलत होते. एक आजीबाई माझ्यापासून दोन पावलं लांब सरकल्या.

त्याला नकार कळवणं अगदी सोपं होतं. विषय बसत नाही, असं एका ओळीत लिहिलं असतं की झालं. माझ्या जोडीला वेळ सांभाळणारा एक सहकारी आहे, आम्ही त्याला ‘घड्याळ’ म्हणतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘त्या दिवशी सूत्रं मी घेतो. तू येऊही नकोस.’ मला ते हवंसं वाटलं. पण मग कळलं, या माणसाने हेच भाषण आणखी दोन ठिकाणी देऊ केलं होतं आणि दोघांनीही ते परत केलं होतं. त्याच्या कार्यालयातही वरिष्ठांनी सुचवलं होतं की झाकली मूठ राहू दे. आता मीही नाही म्हटलं असतं तर ती मूठ कायमची झाकली गेली असती. त्याला माझ्याबद्दल काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. सांगितलं असतं तर तो माझ्याकडे बघून बोलला असता, शब्द तोलूनमापून बोलला असता. मला ते तोललेलं नको होतं.

गुरुवार आला. नेहमीपेक्षा गर्दी बरीच होती. मी नेहमीसारखं स्वागत केलं, माइक बंद ठेवायची विनंती केली, त्यांची ओळख करून दिली. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. गृहस्थांनी या वेळी कागद आणलाच नव्हता. ते सरळ बोलले. रकाना समजावून सांगितला, हिरवे दिवे दाखवले, ते ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि मग म्हणाले, ‘ती रेघ वर जाताना मी पाहिली आणि मी हसलो. मला वाटलं, लोक चुकताहेत. एवढंच सांगायला मी आज आलोय. इतकी माणसं एकाच वेळी चुकत नसतात. ती चुकताहेत असं आपल्याला दिसायला लागलं, की समजायचं, चूक आपल्या घरात आहे. तेव्हा मी उठलो असतो, एक फोन स्वतः लावून पाहिला असता, तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी खुर्चीतून उठलो नाही.’

आमच्या कार्यक्रमात बाजूच्या चौकटीत लोकांच्या लिखित गप्पा अखंड चालू असतात. त्या थांबल्या. असं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग प्रश्न सुरू झाले. आधी सगळे कामाचे. तो रकाना आता कसा मोजता, घंटा कुठे बसवली, वगैरे. मी एकेक वाचत होते, ते उत्तर देत होते. वातावरण जरा सैल झालं आणि तेवढ्यात एका पोरसवद्या इंजिनिअरने लिहिलं, ‘पण खरंच, आजकाल संकटात कुणी लँडलाइनवरून फोन करतं का?’ पुढे हसरा चेहरा. वाईट नव्हता तो मुलगा. त्याने जन्मात तसा फोन हातात घेतला नसेल. मला तो प्रश्न वगळता आला असता. पण आलेला प्रश्न वगळायचा नाही हाही माझाच नियम. मी तो मोठ्याने वाचला. गृहस्थ उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, ‘याचं उत्तर मी देते. माझ्या वहिनीने केला होता.’

पुढे जे बोलले ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण ते तुझ्याबद्दल होतं आणि तुला न विचारता बोलले. मी म्हणाले, ‘त्याच संध्याकाळी. माझा भाऊ हॉलमध्ये कोसळला होता. त्याचा मोबाइल त्याच्याच अंगाखाली होता, तिचा आतल्या खोलीत. हाताशी तो जुना फोन होता, म्हणून तिने तो उचलला. तिला हीच बाई सांगत राहिली, तुमचा क्रमांक चुकीचा आहे. तिने विश्वास ठेवला. अजूनही ठेवते. माझा भाऊ वाचला असता का, ते मला माहीत नाही. डॉक्टरही छातीठोकपणे काही सांगत नाहीत. पण दोन वर्षं एका शहाण्या बाईला वाटतंय की तिला फोन लावता आला नाही.’ मग मी माझाच माइक बंद केला. घड्याळने सूत्रं घेतली, आभार मानले आणि कार्यक्रम आटोपला. त्या मुलाने माफी मागितली, मी त्याला म्हटलं, बाळा, तू विचारलंस ते बरंच झालं.

सगळे गेले. पडद्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. चष्म्याविना ते म्हातारे दिसत होते. मला वाटलं आता माफी मागतील आणि मला काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं लागेल, आणि माझं मन तेवढं मोठं नव्हतं. पण ते म्हणाले, ‘माफी मी तुमच्याकडे मागणार नाही. ती तुम्ही द्यायचीच नाही. तुमच्या वहिनींनी द्यायची, किंवा नाही द्यायची.’ मग म्हणाले, ‘तो फोन कुणाचा होता हे मला कधीच कळणार नव्हतं. आमच्याकडे नुसती रेघ आहे. त्या रेघेत किती घरं आहेत, कोण माणसं, काही नाही. मला रोज वाटायचं, बहुतेक फोन किरकोळ असतील. कुणाची मांजर झाडावर अडकली असेल. तेवढ्यावर मी झोपायचो.’ मी त्यांना विचारलं, मग आता? त्यांनी सांगितलं, ‘आता झोप येणार नाही, आणि ते योग्यच आहे.’ वहिनी, माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस माझ्याआधीच स्वतःवर तो काढत बसला होता. मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. सवयीने. घसा सुकलेल्या प्रत्येक वक्त्याला सांगते तसं.

दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेले. ती वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं आणि तो आवाज ऐकवला. तिने पुन्हा लावायला सांगितला. मग तिने विचारलं, ‘म्हणजे ही बाई तिला हे सांगत होती?’ मी हो म्हटलं. ‘आणि हे खोटं होतं?’ मी हो म्हटलं. आई टॉवेलाची घडी घालत राहिली. घातलेली मोडली, पुन्हा घातली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘त्या बाईला निदान जीव तरी नव्हता. मला होता ना. मी का तेच बोलले?’ मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. ‘मला नको समजावूस. मला तिच्याकडे घेऊन चल.’ मी म्हटलं, आधी विचारू, ती घरात घेईल न घेईल. त्यावर आपली आई, जी कधी कुणाच्या दारात आमंत्रणाशिवाय गेली नाही, ती म्हणाली, ‘नको घेऊ दे. मी जिन्यात बसेन.’

वहिनी, खरं तर ही सगळी हकिगत बाजूला ठेवून मला एकच वाक्य पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तसं लिहूनही पाहिलं. पण मी तुला ओळखते. नुसतं वाक्य लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, ही माझं सांत्वन करतेय, आणि सांत्वनावर तुझा विश्वास नाही. म्हणून मला जसं कळलं त्याच क्रमाने, कुणी काय पाहिलं आणि कुणी काय कबूल केलं, ते सगळं तुझ्यापुढे ठेवलं. आता विचारायचं ते विचारते. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण मी अडवून धरलंय. आमची भाषणं नंतर सगळ्यांसाठी खुली होतात; हे मी तुझ्या शब्दाशिवाय होऊ देणार नाही. तू नको म्हणालीस तर माझं बोलणं त्यातून काढून टाकेन आणि पुन्हा विचारणारही नाही. पण ते जसंच्या तसं राहावं असं मला वाटतं, आणि माझं कारण तू नाहीस. त्या रेघेत आणखी घरं होती. कुठेतरी कुणी मुलगा, कुणी म्हातारी, कुणी नवरा आजही बोटांकडे बघत बसला असेल की या बोटांनी घात केला. त्यांना शोधायचा दुसरा रस्ता ना त्या गृहस्थांकडे आहे, ना माझ्याकडे. कुणीतरी बोललेलं त्यांच्या कानावर पडलं तरच. सावकाश ठरव. आईला आणायचं की नाही तेही तूच सांग, दोन ओळी खरडून टाक, फोन करू नकोस. आणि आता ते वाक्य. तुझी बोटं थरथरत असतील, पण आकड्यांची अदलाबदल झाली नव्हती. पहिल्यांदाही नाही, नंतरही नाही. प्रत्येक वेळी तू लावलेला क्रमांक बरोबर होता.

तुझीच,
वन्सं